बीच्या आज्ञेतले फळ

भाकरी, भात, वरण, खोबरे, शेंगदाण्याचे कूट, फोडणीतली मोहरी आणि जेवणाच्या शेवटी चिरलेला आंबा, या सर्वांचा उगम सपुष्प वनस्पतींच्या आयुष्यातील एकाच टप्प्यात आहे, आणि तो टप्पा म्हणजे फुलाच्या तळाशी असलेल्या अंडाशयाचे फळ होणे व त्या अंडाशयात दडलेल्या सूक्ष्म बीजकांच्या बिया होणे. माणसाच्या आहाराचा एवढा मोठा भाग ज्या घटनेवर उभा आहे, तिचे शिक्षण मात्र आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनी होते. फूल एका धड्यात येते, फळांचे प्रकार दुसऱ्या धड्यात पाठ केले जातात आणि अंकुरण हे ओल्या कापसावर ठेवलेल्या चार हरभऱ्यांच्या प्रयोगापुरते उरते. त्यामुळे फूल, फळ, बी आणि रोप या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत असा समज विद्यार्थ्याच्या मनात कायमचा घर करतो. वास्तविक ही एकच सलग प्रक्रिया आहे आणि तिची सूत्रे बहुतांशी बीच्या हाती असतात. फळ वाढते ते आत वाढणाऱ्या बीच्या संकेतांमुळे, पिकते ते बी तयार होत आल्यावर, आणि बागायतदाराला फळात जे गुणदोष दिसतात त्यांतील अनेकांचे मूळ शोधत गेल्यास ते बीपाशी पोहोचते. पुढील सर्व विवेचन या एका विचाराभोवती गुंफलेले आहे.

फुलातील स्त्रीकेसराचे तीन भाग असतात: टोकाची चिकट कुक्षी, तिला उचलून धरणारी कुक्षिवृंत नावाची दांडी आणि तळाचा फुगीर अंडाशय. अंडाशयात एक किंवा अनेक बीजके असतात, प्रत्येक बीजकात भ्रूणकोश असतो आणि भ्रूणकोशात अंडकोशिका असते. परागकण कुक्षीवर पडला की त्यातून एक सूक्ष्म नळी निघते, ती कुक्षिवृंताच्या ऊतींतून वाट काढत बीजकापर्यंत जाते आणि दोन पुंयुग्मके, म्हणजे नर जननकोशिका, आत सोडते. आज चार वाक्यांत सांगता येणारी ही हकीकत उलगडायला युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांना दोनशे वर्षे लागली. वनस्पतींनाही लिंगभेद असतो आणि परागाशिवाय बी धरत नाही हे रुडॉल्फ कॅमेरारियस यांनी जर्मनीत १६९४ साली प्रयोगाने दाखवले. पण पराग नेमके काय करतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. इटलीतील जोव्हान्नी अमिची यांना १८२४ साली सूक्ष्मदर्शकाखाली परागनलिका प्रथम दिसली आणि ती दिसली ते झाड महाराष्ट्राच्या शेतांत व परसात आपोआप उगवणारी, भाजीसाठी खुडली जाणारी घोळ होते. नर कोशिकेचे केंद्रक अंडकोशिकेच्या केंद्रकाशी एकरूप होते हे एडुआर्ड स्ट्रासबर्गर यांनी १८८४ मध्ये सिद्ध केले, आणि विषय संपला असे वाटत असतानाच खरा पेच पुढे आला: नळीतून नर कोशिका दोन येतात, अंडकोशिका मात्र एकच असते, मग दुसरीचे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ साली लिलीच्या कुळातील फुलांचे छेद तपासताना शोधले आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये गीन्यार यांनी त्याला दुजोरा दिला. पहिली नर कोशिका अंडकोशिकेला मिळून भ्रूण बनवते, तर दुसरी भ्रूणकोशाच्या मध्यभागी असलेल्या दोन केंद्रकांना मिळते आणि या तिघांच्या संयोगातून पुष्क नावाची एक वेगळीच ऊती जन्माला येते. पुष्क म्हणजे भ्रूणासाठी साठवलेली शिदोरी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू आणि मका यांच्या दाण्यातला पिठूळ भाग हा पुष्कच असल्याने जगातील बहुसंख्य माणसांचे रोजचे पोट या दुसऱ्या मीलनावर भरते. या द्विफलनाचा अर्थ समजून घेतला की बी म्हणजे एक सुटी वस्तू राहत नाही. बीचे बाहेरचे आवरण मातृवृक्षाच्या ऊतींचे असते, आतला भ्रूण नव्या पिढीचा असतो, आणि दोघांच्या मधले पुष्क आईचे दोन वाटे व बापाचा एक वाटा घेऊन आलेले, स्वतः कधीही झाड न होणारे, भ्रूणाचे असे भावंड असते जे केवळ त्याचे अन्न होण्यासाठी जन्मते. जीवसृष्टीत इतकी विलक्षण व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आढळते, आणि ती साध्या तांदळाच्या दाण्यात आहे याचे भान अभ्यासकाने कधी हरवू देऊ नये.

पुष्क डोळ्यांनी पाहायचे तर नारळासारखे दुसरे साधन नाही. कोवळ्या शहाळ्यातले पाणी हे द्रवरूप पुष्क असून त्यात पेशीभित्ती न पडता असंख्य केंद्रके मोकळी तरंगत असतात. फळ जून होत जाते तशा कडेने पेशीभित्ती पडू लागतात, आधी मऊ मलई धरते आणि मग तिचे घट्ट खोबरे होते. १९४१ मध्ये व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे अत्यंत कोवळे भ्रूण बीतून काढून नारळाच्या पाण्याच्या साहाय्याने प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा या पाण्यात साखर व क्षारांखेरीज वाढीला चालना देणारी द्रव्येही आहेत हे स्पष्ट झाले आणि ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे वनस्पतीचा सूक्ष्म तुकडा काचपात्रात वाढवण्याच्या तंत्राला त्यातून मोठे बळ मिळाले. हरभरा, तूर, वाल आणि भुईमूग यांच्या बाबतीत मात्र भ्रूण पुष्काला बी पक्व होण्यापूर्वीच खाऊन टाकतो आणि ते अन्न आपल्या दोन जाड दलिकांत साठवतो; डाळीच्या दाण्याची दोन फाके होतात ती या दलिका. म्हणजे भाकरी खाताना माणूस पुष्क खातो आणि वरण खाताना भ्रूण.

या शास्त्रात भारताचा वाटा मोठा आहे आणि तो मराठी वाचकाला नीट परिचित असायला हवा. पंचानन माहेश्वरी यांचा सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या विद्यापीठांत कित्येक दशके प्रमाण मानला गेला. त्यांच्या नेतृत्वाखाली दिल्ली विद्यापीठात कुसुम कांता आणि रंगस्वामी यांनी १९६२ मध्ये अफूच्या झाडाची बीजके काचनळीत ठेवून, कुक्षी आणि कुक्षिवृंत यांना पूर्ण वगळून, थेट त्यांच्यावर पराग टाकला आणि फलन घडवून जिवंत बिया मिळवल्या. त्याच विद्यापीठात १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशातून, कोणत्याही फलनाशिवाय, भ्रूण वाढवून दाखवले. पिकांच्या नव्या जाती वेगाने तयार करण्याचा एक महत्त्वाचा मार्ग त्या कामातून खुला झाला.

फलनाचा फळावर काय परिणाम होतो हे मक्याचे कणीस सोलताना कोणालाही पडताळता येते. कणसाच्या टोकाशी लोंबणारा प्रत्येक केस ही एका दाण्याची कुक्षी व कुक्षिवृंत असतो, परागनलिकेला त्या केसाच्या पूर्ण लांबीतून खाली उतरावे लागते, आणि ज्या केसापर्यंत जिवंत पराग पोहोचला नाही त्याच्या जागी दाण्याऐवजी रिकामा खळगा राहतो. तुऱ्यावर असताना मक्याला कडक उन्हाचा किंवा पाण्याचा ताण बसला की कणसे बोडकी राहतात त्याचे कारण हेच. सीताफळात ही गोष्ट आणखी ठळकपणे दिसते. एका फुलातील अनेक स्वतंत्र स्त्रीकेसरे एकत्र वाढून ते फळ होते आणि बाहेरचा एकेक डोळा हा एकेका स्त्रीकेसराचा असतो. त्यांपैकी एका बाजूची स्त्रीकेसरे फलित झाली आणि दुसऱ्या बाजूची राहिली तर फळ वेडेवाकडे होते. सीताफळाच्या फुलात कुक्षी आधी तयार होते आणि पराग नंतर सुटतो, शिवाय पराग वाहून नेण्याचे काम बारीक भुंग्यांवर सोपवलेले असते, म्हणून फुले भरपूर येऊनही फळे थोडी धरतात.

वेड्यावाकड्या फळाचे रहस्य झाँ पिएर निच यांनी १९५० मध्ये स्ट्रॉबेरीवरील प्रयोगांतून उलगडले. महाबळेश्वरला जाणाऱ्या प्रत्येकाने खाल्लेल्या या फळात खाण्याचा लाल भाग म्हणजे फुलाची फुगलेली पुष्पस्थली, ज्या बैठकीवर फुलाचे सर्व अवयव रोवलेले असतात ती बैठक होय, आणि तिच्या अंगावर टोचल्यासारखे दिसणारे पिवळसर दाणे हीच खरी, प्रत्येकी एक बी असलेली फळे होत. निच यांनी कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे सगळे दाणे काढले तेव्हा वाढ थांबली, एका बाजूचे ठेवले तेव्हा त्याच बाजूची वाढ झाली, आणि दाणे काढून त्या जागी ऑक्झिन हे वनस्पतिसंप्रेरक लावले तेव्हा दाणे नसतानाही पुष्पस्थली फुगली. संप्रेरक म्हणजे एका भागात अत्यल्प प्रमाणात तयार होऊन दुसऱ्या भागाच्या वाढीवर अंमल चालवणारे द्रव्य. वाढती बी ऑक्झिन व जिबरेलिन यांसारखी संप्रेरके बाहेर पाठवते आणि आपल्याभोवतीच्या मातृऊतींना वाढायला लावते, हा या प्रयोगाचा निष्कर्ष आणि या साऱ्या विषयाचा कणा आहे.

नाशिकचा द्राक्ष बागायतदार हा निष्कर्ष दर हंगामात वापरतो. थॉम्पसन सीडलेस जातीत फलन होते, बीज वाढायला लागते, पण भ्रूण व पुष्क थोड्याच दिवसांत खुरटतात आणि मण्यात बीचा केवळ मऊ अवशेष उरतो. बी गेली की तिने पुरवायचे जिबरेलिनही कमी पडते आणि मणी लहान राहतो. म्हणून बागायतदार घड जिबरेलिक आम्लाच्या, त्यांच्या बोलीत जीएच्या, द्रावणात बुडवतो, म्हणजेच नसलेल्या बीची उणीव माणूस बाहेरून भरून काढतो. केळ्याची गोष्ट याहून वेगळी आहे. लागवडीतील बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्यांची जननकोशिका नीट बनत नाही आणि परागाशिवायच अंडाशयाचे फळ होते. याला अनिषेकफलन म्हणतात. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात वाढणाऱ्या रानकेळीचे फळ उघडले तर काळ्या टणक बियांनी ते भरलेले दिसते आणि माणसाने केळीकडून काय काढून घेतले याची कल्पना येते.

फळांच्या वर्गीकरणावर पाठ्यपुस्तके बरीच पाने खर्च करतात. येथे तेवढे अडकण्याचे कारण नाही, कारण फळाचा कोणता भाग कशापासून झाला हे कळले की प्रकारांची नावे आपोआप सुचतात. आंब्याची साल, गर आणि कोयीचे टणक कवच हे तिन्ही अंडाशयाच्या भिंतीचे थर आहेत आणि खरी बी कोयीच्या आत असते. नारळाची साल, तिच्याखालचा काथ्याचा थर व करवंटी यांचीही तीच रचना आहे. ज्वारीच्या दाण्यात फळाची भिंत बीच्या आवरणाला इतकी घट्ट चिकटते की दोन्ही कोंड्यातच निघून जातात. डाळिंबाच्या दाण्यातला रस बीच्या बाह्य आवरणातला असतो. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या आवरणावरची एकच पेशी, जी फूल उमलते त्या दिवसापासून लांबत जाऊन आपल्या रुंदीच्या हजारपट होते. काजूत बी असलेले राखाडी फळ आधी वाढते आणि नंतर त्याचा देठ फुगून रसाळ बोंडू होतो. फणस ही अनेक फुलांची मिळून झालेली एकच रचना असून गरा हा फुलाच्या परिदलांचा मांसल भाग आहे. उंबरात तर फुले बाहेर दिसतच नाहीत, कारण ती पोकळ गोलाच्या आत असतात आणि एका विशिष्ट जातीची सूक्ष्म गांधीलमाशी टोकाच्या छिद्रातून आत शिरून, अंडी घालता घालता, त्यांचे परागण करते. पिकलेल्या उंबरात किडे सापडतात ते या सहजीवनामुळे, फळ बिघडल्यामुळे नव्हे.

भुईमुगाकडे मात्र जरा थांबून पाहावे लागते. त्याचे पिवळे फूल जमिनीच्या वर फुलते, बहुधा स्वतःच्याच परागाने फलित होते, आणि मग अंडाशयाच्या तळाशी असलेल्या पेशी विभागत जाऊन त्याला एका बारीक दांडीच्या टोकावर पुढे ढकलू लागतात. या दांडीला शेतकरी आऱ्या म्हणतात. आऱ्या जमिनीकडे वळते, मातीत शिरते, आणि फलित झालेली बीजके जोवर अंधारात पोहोचत नाहीत तोवर त्यांची वाढ थांबलेली असते. आऱ्या जमिनीपर्यंत पोहोचली नाही तर शेंग धरत नाही. म्हणूनच आऱ्या सुटण्याच्या वेळी माती भुसभुशीत ठेवण्याचा, झाडांना भर देण्याचा किंवा पिकावरून रिकामे पिंप फिरवण्याचा सल्ला दिला जातो. मातीत गेलेली शेंग स्वतःच्या सालीतून चुना, म्हणजे कॅल्शियम, थेट शोषते, कारण मुळांनी घेतलेला चुना पानांकडे जातो आणि शेंगेपर्यंत फारसा येत नाही. त्यामुळे जिप्सम झाडाच्या बुडाशी, आऱ्यांच्या पट्ट्यात द्यावे लागते आणि ते न मिळाल्यास शेंगा बाहेरून भरलेल्या दिसूनही पोचट निघतात.

फलनाला वळसा घालण्याची आणखी एक वाट निसर्गात आहे. संत्र्याच्या एका बीतून दोन-तीन रोपे निघतात हे लेव्हेनहूक यांनी १७१९ मध्येच नोंदवले होते. त्यांतील एखादे रोप फलनातून आलेले असते, बाकीची भ्रूणकोशाभोवतीच्या मातृऊतींतून थेट उगवलेली असून गुणांनी आईची हुबेहूब प्रतिकृती असतात. विदर्भातील संत्र्याची कलमे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधली जातात आणि बियांपासून वाढवूनही हे खुंट एकसारखे निघतात, ते या बहुभ्रूणतेमुळे. हापूसच्या कोयीत मात्र एकच भ्रूण असतो आणि तो दोन पालकांचा असतो, म्हणून हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, रायवळ मिळतो, आणि हापूस टिकवायचा तर कलमच करावे लागते.

हापूसचे दुखणे सांगितल्याशिवाय बी आणि फळ यांच्या नात्याचे वर्णन पुरे होणार नाही. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस कापल्यावर कोयीलगत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो, त्याला साका म्हणतात, आणि निर्यातीत व घरच्या बाजारातही बागायतदाराला त्याचा मोठा फटका बसतो. तापलेल्या जमिनीची उष्णता, चुन्याची कमतरता, उशिरा केलेली काढणी अशी अनेक कारणे त्यासाठी सांगितली गेली. बेंगळूरुच्या भारतीय उद्यान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००४ च्या सुमारास मात्र लक्ष कोयीकडे वळवले आणि फळ झाडावर असतानाच आतली बी अंकुरणाच्या तयारीला लागते, गरातले पाणी व अन्न ओढू लागते, व त्यातून साका उद्भवतो अशी मांडणी पुराव्यांसह केली. फळ पूर्ण जून होण्याच्या थोडे आधी उतरवल्यास साका कमी आढळतो, हा बागायतदारांचा अनुभव या स्पष्टीकरणाशी जुळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये प्रसारित केलेल्या सिंधू या जातीची कोय अत्यंत पातळ आहे, आणि बी जवळपास नाहीशी झाली तर फळाचे काय होते याचा तो एक जिवंत प्रयोगच म्हणावा लागेल.

आंब्याची कोय अशी उतावीळ का असते याचे उत्तर पावसाच्या वेळापत्रकात आहे. बहुतेक बिया वाढीच्या अखेरीस वाळतात, त्यांतील पाणी दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत खाली येते, जीवनक्रिया जवळजवळ थांबतात आणि ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक अकाली अंकुरण रोखून धरते. आंबा, फणस आणि जांभूळ यांच्या बिया मात्र वाळल्या की मरतात. ही झाडे वैशाख-ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर फळे टाकतात, पडलेल्या बीला काही दिवसांतच ओल मिळते आणि तिला वाट पाहण्याची गरज उरत नाही. कोरड्या माळावरच्या बाभळीला ही खात्री नसते, म्हणून तिच्या बीचे कवच पाणी आत शिरू देत नाही आणि शेळीच्या पोटातून गेल्यावर किंवा गरम पाण्यात भिजवल्यावरच ते सैल होते. अशा थांबून राहण्याला सुप्तावस्था म्हणतात आणि ती शेतीत कधी हवीशी तर कधी नकोशी असते: उपट्या भुईमुगाच्या बहुतेक जातींना ती नसल्याने काढणीच्या वेळी पाऊस झाला की शेंगा जमिनीतच उगवतात, तर पसऱ्या जातींना ती असल्याने ते नुकसान टळते. मुंबईच्या खाडीकाठची कांदळ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिची बी फळ झाडावर असतानाच उगवते, फूट-दीड फूट लांब हिरवा शेंगेसारखा मोड खाली लोंबतो आणि चिखलात पडताच रुजतो, कारण खाऱ्या, भरती-ओहोटीच्या जमिनीत सुट्या बीला रुजायला उसंत मिळत नाही.

कोरडी बी किती काळ जिवंत राहू शकते याची मर्यादा अजून निश्चित झालेली नाही. इस्राएलमधील मसादा येथील उत्खननात मिळालेली, सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ साली रुजली आणि तिचे झाड झाले. चीनमधील कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळातून काढलेली सुमारे १३०० वर्षांची कमळाची बीही उगवली. थंडी आणि कोरडेपणा ही बीच्या दीर्घायुष्याची दोन साधने आहेत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संपदा ब्युरोच्या जनुकपेढीत देशी वाणांच्या बिया उणे १८ अंश सेल्सियसला जपल्या जातात त्या याच आधारावर. आंबा-फणसाच्या बिया मात्र अशा पेढीत ठेवता येत नाहीत, त्यांची जपणूक बागेत, झाडाच्या रूपानेच करावी लागते, आणि म्हणून कोकणातली जुनी रायवळ झाडे तोडली जातात तेव्हा होणारे नुकसान परत भरून येणारे नसते.

अंकुरणाची सुरुवात पाण्याने होते. कोरडी बी सुरुवातीला पाणी शोषते ते एखाद्या निर्जीव वस्तूसारखे, त्यासाठी ती जिवंत असण्याचीही गरज नसते. पण लवकरच श्वसन वाढते, नवी प्रथिने बनू लागतात आणि भ्रूण जिबरेलिन सोडतो. धान्याच्या दाण्यात हे जिबरेलिन पुष्काभोवतीच्या पातळ थराला पोहोचले की तो थर अमायलेज हे विकर बाहेर टाकतो आणि विकर पिष्टाची साखर करते, हे १९६० साली ऑस्ट्रेलियात पॅलेग आणि जपानात योमो यांनी स्वतंत्रपणे दाखवले. मोड आणलेली नाचणी गोडसर लागते व तिचे सत्त्व लहान मुलांना पचते त्यामागे हीच क्रिया आहे. कोकणात भाताचे बियाणे भिजवून, मोड आणून, चिखलात फेकण्याची रहू पद्धतही तिच्यावरच आधारलेली आहे. बीमधून प्रथम बाहेर पडते ते मूळ, कारण रोपाला आधी पाणी हवे असते आणि प्रकाश नंतर. चिंच आणि वाल यांच्या दलिका जमिनीच्या वर येतात, हरभरा आणि आंबा यांच्या दलिका खालीच राहतात, आणि नारळात दलिकेचे टोक पोकळीत वाढून मऊ, गोड गोळ्याच्या रूपात सगळे खोबरे हळूहळू शोषून घेते.

हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते राहू नये असे मनापासून वाटते, कारण त्याच्या अभावाची किंमत दरवर्षी जूनमध्ये शेतकरी मोजतो. सोयाबीनचे आवरण इतके पातळ असते की मळणीयंत्राच्या जास्त फेऱ्यांनी, पोती आपटल्याने किंवा ओलसर गोदामामुळे आतला भ्रूण दुखावतो आणि दाणा बाहेरून चांगला दिसूनही उगवत नाही. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी असा निकष आहे, आणि तो तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, दुसरे ओले गोणपाट वर घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून ओल टिकवावी आणि आठवडाभराने चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तरापेक्षा कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे, फारच कमी उगवले तर ते पेरूच नये. त्यानंतरही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल धरेपर्यंत पेरणीची घाई करू नये, कारण थोड्या ओलीत जागी झालेली बी पुन्हा झोपू शकत नाही. शेतकरी वाचकाने ही चाचणी मे महिन्यातच, बियाणे हाती येताच करावी. इतर वाचकांनी वालाचा एक दाणा रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी साल काढावी, दोन दलिका अलग कराव्यात आणि त्यांच्या मध्ये दडलेले पहिले मूळ व पहिली पाने भिंगाखाली पाहावीत. पुढील प्रकरणांतील आकृत्या त्यानंतर पाहिल्यास अधिक चांगल्या कळतील.